घरातील वस्तू आणि घराचे सुख

घरात वस्तू किती, यावरून घराचे सुख मोजण्याची आपणां सर्वांस सवय आहे. हे माप कितपत खरे, हे पाहावयाचे असेल तर आपल्याच पुण्यातील मार्केट यार्डात जावे, असे आम्ही सुचवितो.

पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाची खरी मिळकत म्हणजे त्याची पाठ. ती धरली की मजुरी थांबते, आणि घरातील भांडी व दागिने सावकाराकडे चालू लागतात. वर्षानुवर्षे जमविलेली चीजवस्तू चार आठवड्यांच्या दुखण्यात जाते. म्हणजे घरात वस्तू होत्या, आधार नव्हता.

हा आधार एकट्याने उभा राहत नाही, हे ओळखून डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९५५ साली पुण्यात हमाल पंचायत स्थापन झाली. पुढे १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मजुरीशिवाय मालकाने लेव्ही भरावी व तीतून भविष्यनिर्वाह निधीसारख्या सोयी व्हाव्यात, अशी त्यात योजना आहे. १९७४ साली पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ हे ना नफा ना तोटा तत्त्वावरील भोजनगृह सुरू केले. तेथे स्वस्तात पोटभर जेवणारा कष्टकरी कोणाचा मिंधा होत नाही. तो आपल्याच संघटनेच्या घरी जेवतो.

योगायोग असा की, त्याच १९७४ साली रिचर्ड ईस्टरलिन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने दाखविले, की देशाचे उत्पन्न वाढत गेले तरी लोकांचे समाधान त्या मानाने वाढतेच असे नाही. मात्र एकाच देशात गरिबापेक्षा सधन माणूस अधिक समाधानी आढळतो, हेही त्यानेच नोंदविले. तेव्हा दारिद्र्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. हमालांनीही आधी मजुरीचा वाजवी दर मागितला. उपाशी माणसाला वाटून खाण्याचा उपदेश करणे हा निर्दयपणाच होय.

परंतु पोटापुरते मिळू लागल्यावर प्रश्न पालटतो. घरात आलेली वस्तू कोणाच्या उपयोगी पडते? शेवटी जेवावयास कोण बसते? मिळकतीवर नाव कोणाचे? अडचणीत शेजारी हक्काने दार ठोठावू शकतो काय? ज्या घरी या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आहेत, तेथे वस्तू थोड्या असल्या तरी पुरतात.

आज घरी गेल्यावर आपण वस्तूंची यादी न करता आपल्या दुखण्यात धावून येतील अशा माणसांची यादी करून पाहावी. आणि आपले नाव किती जणांच्या यादीत असेल, याचाही विचार करावा.