फॉर्मॅट मारण्याआधी

"बाजी, काही नाही हो, फॉर्मॅट मारतो, नवीन विंडोज टाकतो. तासाभरात मशीन चालू." सहा वर्षांपूर्वी आमच्या घरचा कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेल्या मुलाचे हे वाक्य अजून माझ्या कानात आहे. त्याने विचारलेही होते, "काही ठेवायचे आहे का आत?" मी शाळेचे पेपर तपासत बसले होते. मान वर न करता म्हटले, "नाही."

तासाभरात मशीन खरोखरच चालू झाले. पण अब्बांच्या आठवणी गेल्या. नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झाल्यावर ते रोज फजरनंतर इनपेजमध्ये उर्दूत पान-दोन पाने टाइप करायचे. साठेक पाने झाली होती. त्यांच्या इंतकालला तेव्हा चारच महिने झाले होते. ती फाइल डेस्कटॉपवर होती आणि डेस्कटॉप म्हणजे सी ड्राईव्ह, हे मला ठाऊक नव्हते. महिनाभराने अम्मींनी त्या पानांची आठवण काढली, तेव्हा मला कळले की मी काय गमावले. दोष त्या मुलाचा नव्हता, माझ्या "नाही"चा होता.

या हिवाळ्यात बहिणीच्या मुलीला अकरावीसाठी कॉम्प्युटर हवा होता. नवा परवडणारा नव्हता. स्टेशनजवळच्या एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडून चार हजारांत एक डबा, मॉनिटर आणि कीबोर्ड मिळाला. आय-थ्री, चौथी पिढी, ४ जीबी रॅम. यावेळी ठरवले, दुरुस्ती आपणच करायची, सावकाश.

आधी साफसफाई

वायर काढून, डबा उघडून, मऊ ब्रशने धूळ झाडली. पंख्यात धूळ अडकली की प्रोसेसर तापतो आणि मशीन मध्येच बंद पडते. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसले. स्क्रीन काळी राहून नुसते बीप वाजत असतील, तर बऱ्याचदा एवढ्यानेच काम होते. आत हात घालण्यापूर्वी लोखंडी कॅबिनेटला स्पर्श करावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते.

मशीन सुरू झाले, पण तारीख दाखवत होते कित्येक वर्षे मागची. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो. वीज बंद असताना घड्याळ त्यावर चालते. तो संपला की तारीख मागे जाते आणि मग इंटरनेटवरच्या चांगल्या साइटही 'असुरक्षित' म्हणून उघडत नाहीत, कारण प्रत्येक साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि आपले मशीन ती चुकीच्या तारखेशी ताडून पाहते. लोक म्हणतात, नेट खराब आहे. दोष असतो त्या छोट्याशा सेलचा.

"खाला, यात कुणाचे तरी फोटो आहेत"

जुन्या मशीनमध्ये विंडोज ७ होते. त्याच्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० पासून बंद आहेत, त्यामुळे ते काढणे भागच होते. पण त्याआधी आम्ही लिनक्स मिंट पेनड्राईव्हवरून 'लाइव्ह' सुरू केले. यात हार्ड डिस्कला हात न लावता संपूर्ण मशीन पेनड्राईव्हवरून चालते. आतल्या फाइली दिसू लागल्या आणि भाची थांबली. "खाला, यात कुणाचे तरी फोटो आहेत."

लग्नाचे फोटो होते. मुलांच्या मार्कशीट होत्या. आधार कार्ड, बँकेच्या पासबुकाची पाने. शिलाई मशीनवर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंचे पाच-सहा फोटो होते. त्या मशीनला विंडोजचा पासवर्ड होता, तरीही हे सगळे आम्हाला दिसले. वाचकांनी हे लक्षात ठेवावे: लॉगिनचा पासवर्ड म्हणजे घराच्या दाराची कडी आहे, तिजोरीचे कुलूप नव्हे.

आम्ही पुढचे फोटो उघडले नाहीत. भाचीला म्हटले, ही अमानत आहे. फाइली न बघता सगळे फोल्डर दुसऱ्या पेनड्राईव्हवर उतरवले आणि व्यापाऱ्याला फोन केला. त्याला आधी हसू आले. पण ज्यांच्याकडून माल आला होता त्यांचा पत्ता त्याच्याकडे होता, आणि निरोप पोहोचला. आठ दिवसांनी त्या घरातला मोठा मुलगा आला. फोटो उघडून पाहिले आणि बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आजीचे हे फोटो आमच्याकडे कुठेच नव्हते." आपण मशीन विकताना 'डिलीट' केले होते, असे त्याने सांगितले.

डिलीट किंवा झटपट फॉर्मॅट केले की पुस्तकाची अनुक्रमणिका फाडल्यासारखे होते. पाने आतच असतात. त्यावर नवे लिहिले गेले की मगच ती जातात. म्हणून दोन गोष्टी. चुकून फाइल गेली, तर मशीन ताबडतोब बंद करावे. काही टाकू नये, काही चालवू नये, जाणकाराकडे न्यावे. अब्बांच्या फाइलीवर मी महिनाभर नवे काम लिहीत राहिले होते. आणि मशीन विकायचे असेल, तर आपले सामान उतरवून घेऊन संपूर्ण डिस्कवर एकदा शून्ये लिहून ती पुसावी. याला वेळ लागतो, पण मोफत साधनाने होते.

त्या मुलासमोरच आम्ही त्याची डिस्क अशी पुसली आणि पेनड्राईव्ह त्याच्या हाती दिला.

कोणती सिस्टीम टाकायची?

विंडोज १० ची नियमित मोफत साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमचा चौथा. म्हणून कित्येक ऑफिसांतली चांगली मशीन भंगारात निघत आहेत. "क्रॅक करून टाकतो" असे सांगणारे पुष्कळ भेटतील. चोरीच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्याचा हक बुडतो, हे एक. आणि त्या क्रॅकसोबत व्हायरस येण्याचा धोका असतो, हे दुसरे.

लिनक्स मोफत आहे आणि कायदेशीरही. हेलसिंकीच्या लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये त्याची सुरुवात केली. जुन्या मशीनला मिंटची एक्सएफसीई आवृत्ती हलकी पडते. २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत. मात्र टॅली किंवा फोटोशॉपवर पोट असणाऱ्यांनी ती घेऊ नये. ती सॉफ्टवेअर तिथे सरळ चालत नाहीत.

काम असे केले. जुन्या हार्ड डिस्कऐवजी २४० जीबीची एसएसडी लावली. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुई माहिती शोधत हिंडते. एसएसडीत फिरणारे काही नाही, म्हणून तेच जुने मशीन तरतरीत होते. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर मिंटची फाइल त्याच्या अधिकृत साइटवरून उतरवून ८ जीबीच्या पेनड्राईव्हवर रूफस या साधनाने चढवली. नुसती कॉपी करून चालत नाही. मशीन सुरू करताना बूटची कळ दाबली. डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९. पुढे 'इरेझ डिस्क' असा पर्याय येतो. तिथे मी हात थांबवला आणि भाचीला विचारले, "आत काही ठेवायचे आहे का?" ती म्हणाली, "नाही खाला, डिस्क नवी आहे." मग दाबले. अर्ध्या तासात झाले. वायफाय नव्हते, म्हणून मोबाइल यूएसबीने जोडून नेट दिले.

उर्दू आणि मराठी

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये दोन्ही भाषा जोडल्या. मराठीसाठी इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. एकदा बसले की हिंदीलाही तेच चालते. उर्दूसाठी नोटो नस्तालिक हा मोफत फाँट घेतला आणि लिब्रेऑफिसमध्ये लिहिण्याची दिशा उजवीकडून डावीकडे केली. इनपेजच्या जुन्या फाइली मात्र इथे थेट उघडत नाहीत. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात. ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांचे असे लिखाण आहे, त्यांनी हे काम आजच करावे आणि तीन प्रती ठेवाव्यात: एक मशीनवर, एक पेनड्राईव्हवर, एक दुसऱ्याच्या घरी.

रविवारी अम्मी शेजारी बसतात. अब्बांनी प्रेसमधली कोणती गोष्ट कशी लिहिली होती, ते त्यांना जेवढे आठवते तेवढे सांगतात आणि भाची नस्तालिकमध्ये टाइप करते. आतापर्यंत नऊ पाने झाली. ती साठ नाहीत आणि शब्दही अब्बांचे नाहीत. पण तिन्ही प्रती ठेवल्या आहेत.