मोबाईलची बॅटरी : सुटी कीं बंदिस्त ?

मोबाईलचें यंत्र चारपांच वर्षें सहज टिकण्यासारखें असतें. परंतु त्याची बॅटरी तितकी दीर्घायुषी नसते. लिथियम-आयन जातीची ही बॅटरी १९९१ सालीं बाजारांत आली. ती प्रत्येक वेळीं भरतांना व रिकामी होतांना तिच्या पोटांत कांहीं अनिष्ट रासायनिक क्रिया घडतात आणि तिची धारणाशक्ति किंचित् घटते. उष्णतेनें ही झीज अधिकच वाढते. शेंकडों आवर्तनांनंतर सकाळीं भरलेली बॅटरी दुपारींच मान टाकते. मग ती बदलावयाची कोणीं ?

पूर्वीं हें काम कोणासही करतां येई. पाठीचें झांकण नखानें उचलावें, नवी बॅटरी बसवावी, कीं काम झालें. २००७ सालच्या पहिल्या आयफोननें मात्र तिला कवचांत कोंडलें. आणि २०१५ सालीं सॅमसंगच्या गॅलक्सी एस ६ नेंही तोच मार्ग धरला.

यांत केवळ व्यापारी धूर्तपणा पाहणें न्यायाचें होणार नाहीं. बॅटरी टोंचली वा वांकली तर पेट घेण्याचा संभव असतो. म्हणून सुट्या बॅटरीस कठीण वेष्टण लागतें. वेष्टण, खण व झांकण हीं सारीं जागा अडवितात. बंदिस्त यंत्रांत मऊ वेष्टणाची बॅटरी चिकटवितां येते व वांचलेल्या जागेंत अधिक ऊर्जा सांठवितां येते, किंवा यंत्र पातळ करतां येतें. सांधे पक्के केल्यानें पाण्यासही अटकाव होतो.

तथापि पाण्याचा मुद्दा निर्णायक नाहीं. २०१४ सालच्या गॅलक्सी एस ५ ची बॅटरी सुटी होती. तरीही रबरी पट्टीच्या झांकणामुळें तो १ मीटर पाण्यांत ३० मिनिटें टिके. अट एवढीच, कीं तें झांकण प्रत्येक वेळीं नीट दाबून बसविलें पाहिजे. म्हणजे सुटेपणाबरोबर थोडी जबाबदारीही ग्राहकाकडे येते.

युरोपीय संघाच्या, २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनीं मधला मार्ग काढला आहे. बॅटरी ग्राहकास साध्या हत्यारांनीं बदलतां यावी. अथवा १००० आवर्तनांनंतरही तिची ८० टक्के शक्ति शिल्लक राहावी व यंत्र पाण्यापासून सुरक्षित असावें, तरच तें काम कारागिरावर सोपवितां येतें.

एका झिजलेल्या भागापायीं सबंध धडधाकट यंत्र टाकून देणें हा खरा अपव्यय होय. म्हणून सुज्ञ ग्राहकानें खरेदीच्या वेळीं चकाकीपेक्षां, ही बॅटरी पुढें कोण व किती खर्चांत बदलून देईल, हें आधीं विचारावें.