फायब्रॉइड आहे, पिशवी काढायलाच हवी का?

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘फायब्रॉइड’ शब्द दिसला की पहिला प्रश्न येतो, ‘कॅन्सर तर नाही ना?’ आणि पाठोपाठ सल्लाही, ‘मुलं झालीत, आता पिशवी काढून मोकळी हो.’ फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूत वाढणारी गाठ. ती कॅन्सरची निघणे फार क्वचित. त्रास नसेल तर नुसते लक्ष ठेवले तरी चालते. पाळी बंद झाल्यावर या गाठी सहसा आक्रसतात.

पाळीत खूप रक्तस्राव, त्यामुळे घसरलेले हिमोग्लोबिन, सारखी लघवीला लागणे असा त्रास असेल, तर मात्र अंगावर काढू नका. औषधांनी भागले नाही तरी पोटावर मोठा छेद न घेता होणारे उपचार आहेत. गाठ गर्भाशयाच्या पोकळीत असेल, तर योनीमार्गे दुर्बीण घालून ती काढतात. पोटावर एकही टाका पडत नाही. स्नायूत किंवा बाहेरच्या बाजूला असेल, तर पोटावर लहान छिद्रे पाडून. गर्भाशय शाबूत राहते. नव्या गाठी मात्र पुन्हा होऊ शकतात.

तिसरा मार्ग ‘एम्बोलायझेशन’. मनगटातील किंवा जांघेतील धमनीतून बारीक नळी गर्भाशयाच्या रक्तवाहिनीपर्यंत नेऊन वाळूसारखे कण सोडतात. गाठीचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती काही महिन्यांत आक्रसते. पॅरिसमधील डॉक्टर शस्त्रक्रियेआधी रक्तस्राव कमी व्हावा म्हणून हे करत होते. काही रुग्णांना एवढ्यानेच बरे वाटले, पुढची शस्त्रक्रिया लागलीच नाही. १९९५ मध्ये त्यांनी ते जगासमोर मांडले. पहिले एक-दोन दिवस पोटात जोरात दुखते. मूल हवे असेल तर हा सहसा पहिला पर्याय नसतो.

अल्ट्रासाऊंडच्या एकवटलेल्या लहरींनी गाठ जाळण्याचे तंत्रही आहे, पण ते मोजक्याच ठिकाणी आणि निवडक गाठींसाठी.

खूप मोठ्या किंवा अनेक गाठी असतील, तर काहींना गर्भाशय काढणे योग्य ठरते. तेही अनेकदा दुर्बिणीने होते. प्रश्न आहे तो गरज नसताना काढण्याचा. बीडमधील ऊसतोड महिलांच्या बाबतीत २०१९ मध्ये तो गाजला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना राबवण्यास राज्यांना सांगितले.

एम्बोलायझेशन स्त्रीरोगतज्ज्ञ नव्हे, तर इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात. त्यामुळे पहिल्या दवाखान्यात त्याचे नावही निघाले नाही, तर आपणच विचारावे.