अतिवादाच्या छायेतील बालपण आणि शाळेची भूमिका

हिंसक अतिवादाला शस्त्रांइतकीच माणसांचीही गरज असते आणि ही माणसे अनेकदा शाळेत जाण्याच्या वयातच हेरली जातात. त्यामुळे मुलांना अशा विचारसरणीच्या प्रभावापासून दूर ठेवणे हा केवळ पोलीस यंत्रणेचा प्रश्न राहत नाही. तो शिक्षणव्यवस्थेचाही प्रश्न ठरतो. या प्रश्नाला जगात प्रामुख्याने दोन प्रकारची उत्तरे दिली जातात. पहिल्यात शाळा मुलांमधील बदलांवर लक्ष ठेवते. दुसऱ्यात शाळा मुलांना विश्वासाची जागा आणि पुढचा मार्ग देते. छत्तीसगडमधील बस्तर विभागाचा अनुभव पाहता दुसऱ्या उत्तराचे महत्त्व स्पष्ट होते.

लक्ष ठेवण्याचा मार्ग

ब्रिटनमध्ये २०१५ च्या दहशतवादविरोधी व सुरक्षा कायद्याने शाळांवर एक कायदेशीर कर्तव्य सोपवले. विद्यार्थी दहशतवादाकडे ओढले जाऊ नयेत याची दक्षता शाळांनी घ्यावी, असे त्याचे स्वरूप आहे. ‘प्रिव्हेंट’ या नावाने ते ओळखले जाते. शिक्षकांना धोक्याची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण दिले जाते आणि गरज भासल्यास विद्यार्थ्याला ‘चॅनल’ या साहाय्य कार्यक्रमाकडे पाठवले जाते. मुलांना वेळीच मदत मिळावी हा यामागील हेतू आहे. तथापि, आपले बोलणे नोंदवले जाईल या भीतीने विद्यार्थी वर्गात मोकळेपणाने बोलत नाहीत आणि मुस्लिम विद्यार्थ्यांकडे संशयाने पाहिले जाते, अशी टीकाही त्यावर झाली. युनेस्कोने २०१६ मध्ये शिक्षकांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत वादग्रस्त विषयांवर वर्गात खुली व सुरक्षित चर्चा घडवण्यावर भर दिला आहे. शंका बोलून दाखवता आली नाही, तर मूल तिचे उत्तर शाळेबाहेर शोधते, हे त्यामागील सूत्र होय.

बस्तरमधील कोंडी

भारतात नक्षलवादी चळवळीचा उगम १९६७ मध्ये पश्चिम बंगालमधील नक्षलबारी येथे झाला. २००४ मध्ये दोन प्रमुख गटांच्या विलीनीकरणातून भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) स्थापन झाला आणि दंडकारण्याचा दुर्गम प्रदेश हा त्याचा मुख्य आधार बनला. ‘बाल संघम’ नावाच्या गटांत लहान मुलांना सामील करून घेणे, त्यांच्याकडून निरोप पोहोचवणे व खबर आणवणे, वय वाढल्यावर त्यांना सशस्त्र दलांकडे वळवणे, अशी भरतीची साखळी येथे उभी राहिली. ज्या गावात शाळा नव्हती किंवा असूनही शिक्षक येत नव्हते, तेथे या साखळीला स्पर्धकच नव्हता.

२००५ मध्ये ‘सलवा जुडूम’ सुरू झाल्यानंतर अनेक गावे ओस पडली, लोकांना शिबिरांत हलवण्यात आले आणि आतल्या भागातील शाळा बंद झाल्या. सुरक्षा दले शाळांच्या पक्क्या इमारतींत मुक्काम करत. माओवादी त्या इमारती स्फोटाने उडवून देत. दोन्हीकडून नुकसान झाले ते विद्यार्थ्यांचे. नंदिनी सुंदर विरुद्ध छत्तीसगड राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरक्षा दलांनी शाळा व आश्रमशाळा रिकाम्या कराव्यात, असे निर्देश दिले. शाळा ही युद्धातील कोणत्याही पक्षाची जागा असू नये, हे तत्त्व त्यामुळे अधोरेखित झाले.

शाळेची पुनर्उभारणी

बंद शाळांतील मुलांसाठी रस्त्यालगतच्या सुरक्षित ठिकाणी ‘पोर्टा केबिन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निवासी शाळा उभारण्यात आल्या. राहणे, जेवण व शिक्षण एकाच ठिकाणी असल्याने मूल गळतीपासून आणि भरतीपासून अशा दोन्हींपासून दूर राहते. मात्र याची किंमतही आहे. मूल घरापासून, भाषेपासून व गावापासून लहान वयातच तुटते. म्हणून निवासी शाळा हा गावातील शाळेला पर्याय नसून पूरक उपाय आहे.

पुढील शिक्षणाचा मार्ग दिसणे हेही संरक्षणच होय. २०१० मध्ये रायपूर येथे सुरू झालेल्या ‘प्रयास’ निवासी विद्यालयांत नक्षलप्रभावित भागातील विद्यार्थ्यांकडून अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेश परीक्षांची तयारी करून घेतली जाते. दंतेवाडा जिल्ह्यात गीदमजवळ जावंगा येथे शैक्षणिक संकुल उभे राहिले. गावातील एखादा विद्यार्थी अभियंता किंवा डॉक्टर झाला, की बंदुकीशिवायही प्रतिष्ठा मिळते हे इतर मुलांना पटवून द्यावे लागत नाही.

२०२२ मध्ये बस्तर विभागातील चार जिल्ह्यांत दीर्घकाळ बंद असलेल्या २६० शाळा पुन्हा सुरू झाल्या. अशा ठिकाणी स्थानिक तरुणांना ‘शिक्षादूत’ म्हणून नेमण्यात येते. ते गावचेच असल्याने मुलांची भाषा जाणतात आणि पालकांचा विश्वास मिळवू शकतात. त्यांनी पत्करलेली जोखीम मोठी आहे. २०२५ मध्ये बिजापूर व सुकमा जिल्ह्यांत माओवाद्यांनी काही शिक्षादूतांची हत्या केली. झोपडीत भरणाऱ्या शाळेतील अल्प मानधनाचा शिक्षक शस्त्रधारी संघटनेला धोकादायक वाटावा, यातच शाळेच्या सामर्थ्याची साक्ष आहे.

भाषेचा प्रश्न

गोंडी किंवा हलबी बोलणारे मूल पहिल्याच दिवशी परक्या भाषेतील वर्गात बसले, तर शाळा त्याला आपली वाटत नाही. शाळा सुटलेले मूल भरती करणाऱ्यांना सहज सापडते, विशेषतः ते त्याच्याच भाषेत बोलत असतील तर. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ नुसार शक्यतो मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम असावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे हेच सुचवले आहे. बस्तरला लागून असलेल्या महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात हेमलकसा येथे १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाने १९७६ पासून माडिया मुलांसाठी आश्रमशाळा चालवली आहे.

कायदेशीर चौकट

• ८६ वी घटनादुरुस्ती, २००२ : कलम २१-क अन्वये ६ ते १४ वयोगटासाठी शिक्षण हा मूलभूत हक्क.
• शिक्षण हक्क कायदा, २००९ : १ एप्रिल २०१० पासून लागू. केंद्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी एक आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा अपेक्षित.
• बाल न्याय कायदा, २०१५, कलम ८३ : केंद्र सरकारने घोषित केलेल्या दहशतवादी गटाने मुलांची भरती वा वापर केल्यास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास व पाच लाख रुपये दंड.
• सशस्त्र संघर्षातील मुलांविषयीचा बालहक्क संहितेचा ऐच्छिक करार : भारताकडून २००५ मध्ये अनुसमर्थन.
• एकलव्य आदर्श निवासी शाळा : १९९७-९८ पासून, सहावी ते बारावी, ४८० विद्यार्थी.

समारोप

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार नक्षलप्रभावित जिल्ह्यांची संख्या २०१३ मधील १२६ वरून एप्रिल २०२४ मध्ये ३८ पर्यंत घटली. परंतु बंदुका शांत झाल्याने शाळेचे काम संपत नाही. उलट ते खऱ्या अर्थाने सुरू होते. पाचवीनंतर व आठवीनंतर, पुढची शाळा दूर असल्याने, शिक्षण थांबण्याचा धोका सर्वाधिक असतो. तेथे वसतिगृह, वाहतूक आणि नियमित येणारा शिक्षक यांची हमी मिळणे हीच अतिवादाविरुद्धची टिकाऊ उपाययोजना होय. दररोज वेळेवर उघडणारी, मुलाच्या भाषेत बोलणारी आणि त्याचे प्रश्न ऐकून घेणारी शाळा मुलांना हिंसेच्या वाटेपासून दूर ठेवते. अशी शाळा नसेल, तर कोणत्याही उपदेशाने किंवा पाळतीने ती उणीव भरून निघत नाही.