विहिरीतले पोहणे आणि पडद्यावरचा गुरू

वाण आणि गोदावरी या नद्यांच्या सोनपेठ तालुक्यात पोहणे शिकण्याची जुनी जागा म्हणजे विहीर. कमरेला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून थोरल्या भावाच्या अथवा चुलत्याच्या देखरेखीखाली ही विद्या मिळते, आणि सूर व मुटका मारता आला की मुलगा तरबेज समजला जातो. बुडू नये एवढ्यापुरते हे शिक्षण पुरेसेही असते. मात्र कमी दमात लांबचे अंतर कापायचे असेल, तर हात मारण्याची रीतच बदलावी लागते, आणि जवळपास प्रशिक्षक नसलेला पोहणारा ती शोधण्यासाठी साहजिकच मोबाइलवरील शिकवणीकडे वळतो.

फ्रीस्टाइल म्हणजे नियमाप्रमाणे कोणत्याही पद्धतीने पोहण्याची मुभा असलेला प्रकार. पण आळीपाळीने हात पुढे टाकून पालथे पोहण्याची ‘क्रॉल’ ही पद्धत सर्वांत वेगवान ठरल्याने दोन्ही नावे आता एकाच अर्थाने वापरली जातात. विहिरीत तयार झालेल्या पोहणाऱ्याची क्रॉलमधील पहिली अडचण म्हणजे वर ठेवलेले डोके. वरून कोण उडी टाकतो आहे यावर नजर ठेवणे तेथे शहाणपणाचेच असते, परंतु डोके वर आले की कंबर आणि पाय खाली जातात व तिरपे झालेले शरीर पाणी कापण्याऐवजी ढकलत राहते. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन असून त्याचा अवरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट केल्यास अवरोध चौपट होतो. म्हणूनच जोर वाढवण्याआधी शरीर आडवे, सरळ रेषेत आणणे अधिक फायद्याचे असते. त्यासाठी नजर तळाकडे ठेवावी, उच्छ्वास पाण्यातच सोडावा आणि श्वास घेताना डोके न उचलता अंगाबरोबर कुशीवर वळवावे, इतकेच की एक डोळा पाण्यातच राहील.

पायांच्या माऱ्यालाही नवशिके गरजेपेक्षा जास्त महत्त्व देतात. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे बळ गमावलेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक 37.33 सेकंदांत जिंकले. क्रॉलमधील बहुतेक ओढ हातांचीच असते, आणि ती मिळते पाणी ‘पकडण्या’तून, म्हणजे हात पुढे गेल्यावर कोपर उंच ठेवून बोटे तळाकडे वळवण्यातून. कोपर आधी खाली पडले तर तळहात पाणी मागे ढकलण्याऐवजी खाली दाबतो.

हे सर्व चित्रफितीत स्वच्छ दिसते, तरी पाहणाऱ्याच्या अंगी उतरत नाही, कारण पाण्यात स्वतःचा हात कोठे आहे याचा अंदाज फसवा असतो. अमेरिकन प्रशिक्षक जेम्स काउन्सिलमन यांनी पाण्याखाली चित्रीकरण करून अव्वल पोहणाऱ्यांच्या हातांचा मार्ग तपासला, तेव्हा सरळ मागे जातो असे मानलेला हात प्रत्यक्षात वळणे घेत जातो असे आढळले. त्यांचे ‘द सायन्स ऑफ स्विमिंग’ हे पुस्तक 1968 साली निघाले. अव्वल खेळाडूंची ही गत, तर इतरांचे काय सांगावे! त्यामुळे ऑनलाइन शिकवणीचे खरे मोल गुरूने दाखवलेल्या चित्रफितीपेक्षा शिष्याने पाठवलेल्या चित्रफितीत आहे. जेथे अशी चित्रफीत पाहून दोष सांगितला जात नाही, ती शिकवणी करमणुकीच्या फार पुढे जात नाही.

या बाबतीत विहीर तलावापेक्षा एका अर्थी सोयीची आहे. कठड्यावरून खाली धरलेल्या मोबाइलला पोहणारा थेट वरून दिसतो, आणि पुढे टाकलेला हात डोक्याची रेषा ओलांडून पलीकडे जातो का, त्यामुळे अंग सापासारखे वळते का, हे दोष लगेच टिपले जातात. गढूळ पाण्याखालचे कोपर मात्र दिसणार नाही. तेथे हात मोजण्याचा उपाय आहे: विहिरीच्या भिंतीला रेटा न देता तेवढेच अंतर दहाऐवजी आठ हातांत, हात लांबवून तरंगत न राहता, पार होऊ लागले, तर पकड सुधारली असे समजावे. एका वेळी एकच दोष हाती घ्यावा, कारण डोके, श्वास आणि कोपर एकदम सांभाळू पाहणाऱ्याचे तिन्ही बिघडतात.

हा सराव एकट्याने कधीही करू नये. मोबाइल धरणाऱ्यालाही पोहता आले पाहिजे, आणि त्याच्या हाताशी दोर व हवा भरलेली ट्यूब असलीच पाहिजे.