हेमाडपंताच्या नावावर खपलेली देवळं

औंढा नागनाथाला गेलात की देवळाभोवती फिरताना कुणीतरी सांगतंच, ‘हे हेमाडपंतानं बांधलं, चुन्याचा कणही न वापरता.’ हिंगोली जिल्ह्यातच नाही, सगळ्या मराठवाड्यात काळ्या दगडाचं जुनं देऊळ दिसलं की हेच वाक्य ऐकू येतं. त्यातला हेमाडपंत खरा आहे. त्याच्या नावावर चढवलेलं बरंचसं मात्र खरं नाही.

हेमाडपंत म्हणजे हेमाद्री, कामदेवाचा मुलगा, वत्स गोत्राचा ब्राह्मण. महादेव यादव (१२६१ ते १२७१) आणि त्याच्यानंतर रामचंद्र यादव यांच्या दरबारातला हा मोठा अधिकारी. तो काळ अस्वस्थ होता. देवगिरीच्या यादवांचं दक्षिणेला होयसळांशी, पूर्वेला वरंगळच्या काकतीयांशी आणि उत्तरेला गुजरात-माळव्याशी सतत वैर. कोकणच्या शिलाहारांचं राज्य महादेवानं याच वर्षांत बुडवलं. अशा राज्यात हेमाद्री ‘श्रीकरणाधिप’ होता. राज्याचे कागदपत्र आणि हिशेब सांभाळणाऱ्या कचेरीचा तो मुख्य. ठाण्याला सापडलेल्या शके ११९४ च्या, म्हणजे १२७२ च्या ताम्रपटात त्याच्याकडे हत्तीदळाची देखरेख होती आणि त्यानं पूर्व विदर्भातलं झाडीमंडळ जिंकलं, असंही येतं. लेखणी आणि हत्तीदळ एकाच माणसाच्या हाती होतं. तो राजा नव्हता आणि स्थपतीही नव्हता.

आता देवळं. सगळी हेमाडपंती देवळं त्यानं किंवा त्याच्या काळात बांधली, हा सर्वांत पक्का बसलेला समज. तो मोडायला एक अंबरनाथ पुरे. तिथल्या शिवमंदिराच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे १०६०, असा काळ आहे. ते शिलाहारांच्या राज्यातलं. हेमाद्री दरबारात आला तो त्यानंतर दोनशे वर्षांनी. ही बांधणी दख्खनच्या पाथरवटांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवली, यादवकाळात ती भरात आली एवढंच. मंत्री म्हणून हेमाद्रीनं काही देवळांना आश्रय दिलाही असेल. पण शैली एका माणसाच्या नावावर केली की छिन्नी धरणारे शेकडो हात पुसले जातात, आणि याचंच मला फार वाईट वाटतं.

चुन्याबद्दलची गोष्ट अर्धी खरी आहे. दगडाला दगड सांधताना चुना वापरत नसत. एका शिळेला खाच, दुसरीला तिच्यात बसणारी कूस आणि वरून वजनाचा दाब, यावर भिंत उभी राहते. छतासाठी कमान नसते. चार खांबांवरच्या तुळयांच्या कोपऱ्यांत तिरक्या शिळा टाकत चौकोन लहान करत नेतात आणि शेवटच्या भोकावर एक शिळा झाकण म्हणून बसते. मंडपात उभं राहून वर पाहिलं की ही रीत डोळ्यांनी उलगडते. पण औंढ्याचं पूर्ण देऊळ चुन्याशिवाय उभं आहे असं म्हणणं चूक. खालचा भाग काळ्या दगडाचा आणि कोरीव, त्यावर हत्तींची ओळ. वरचं शिखर विटा-चुन्याचं, नंतरच्या काळात पुन्हा उभारलेलं. दोन्हीचा सांधा अंगणातूनही दिसतो. बाराव्या-तेराव्या शतकातली कारागिरी पाहायची असेल तर मान वर करू नका, खाली जोत्याजवळ बसा.

हेमाडपंतानं लंकेहून मोडी लिपी आणि बाजरी आणली, अशीही दंतकथा आहे. बाजरी तर या देशात त्याच्या हजारो वर्षं आधीपासून पिकते. मोडी ही भराभर लिहिण्याच्या गरजेतून वळणदार झालेली देवनागरीच. ती कारकुनांच्या हातात रुळली. परक्या बेटावरून आणायची गरजच नव्हती. कागदपत्रांच्या कचेरीचा मुख्य म्हणून हेमाद्रीचं नाव तिला चिकटलं असावं, असं मला वाटतं.

आणखी एक बाजू हेमाडपंती देवळांच्या गप्पांत कधी येत नाही. महानुभाव परंपरेत हेमाद्री आदरणीय नाही, तर पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांचा कट्टर विरोधक आहे. व्रतं, दानं आणि श्राद्धं यांचा महाप्रचंड ग्रंथ ‘चतुर्वर्गचिंतामणि’ त्याच्या नावावर आहे. कर्मकांडाचा इतका तपशील जमवणारा मंत्री आणि ते कर्मकांड नाकारणारे चक्रधर एकाच काळात, एकाच राज्यात होते.

हेमाद्रीचं खरं काम ग्रंथांतच सापडतं. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर त्यानं ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. ‘मुग्धबोध’ हे व्याकरण लिहिणारा बोपदेव त्याच्या आश्रयाला होता आणि त्याच्या ‘मुक्ताफला’वरही हेमाद्रीची टीका आहे. ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या व्रतखंडाच्या सुरुवातीला त्यानं राजप्रशस्ती दिली, तीत यादव घराण्याची पिढीवार वंशावळ आहे. यादवांचा इतिहास लिहिणारे आजही ताम्रपट आणि शिलालेखांबरोबर हीच प्रशस्ती समोर ठेवून बसतात.