मधपेटीचे पहिले वर्ष

मधाविषयी आपल्या पूर्वजांचे ज्ञान किती सूक्ष्म होते, हे पाहावयाचे असल्यास सुश्रुतसंहिता उघडावी. पौत्तिक, भ्रामर, क्षौद्र, माक्षिक असे मधाचे आठ प्रकार तेथे सांगितले आहेत. परंतु माशीचे घर न मोडता उघडावे आणि पुन्हा मिटावे, ही विद्या मात्र अलीकडची. अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ नामक धर्मोपदेशकाच्या १८५१ साली लक्षात आले की, चौकट आणि पेटीची भिंत यांत सुमारे पाऊण सेंटीमीटर वाट मोकळी ठेवली तर माश्या ती बुजवीत नाहीत. एवढ्या एका निरीक्षणावर सुट्या चौकटींची मधपेटी उभी राहिली. पोळे पिळून मध काढणे म्हणजे त्यातील पिलेही पिळणे होय. पेटीने हे पाप टाळले.

प्रारंभ करणाराने माशी पारखून घ्यावी. कड्यावर किंवा उंच फांदीवर एकच विस्तीर्ण पोळे लावणारी आग्या माशी पेटीत नांदत नाही. तिच्या वाटेस न जाणेच शहाणपणाचे. फुलोरीही उघड्यावरचीच. झाडाच्या ढोलीत, अंधारात, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधणारी सातेरी हीच आपल्या सह्याद्रीची घरगुती माशी. इटालियन माशी मध अधिक देते खरी, पण तिच्या पेट्या फुलणाऱ्या पिकांमागे गावोगाव हिंडवाव्या लागतात. परसातल्या एका पेटीचा तो हिशेब नव्हे.

पेटीस सकाळचे ऊन व दुपारची सावली मिळावी, आणि तिचे दार मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेकडे नसावे. मुंग्या चढू नयेत म्हणून तिचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. तपासणी निरभ्र दिवशी, बाजूस उभे राहून, थोडासा धूर देऊन करावी. चौकट उभीच धरावी. आडवी केल्यास मधाने जड झालेले कोवळे पोळे तुटते. नवशिके बहुधा राणीच्या शोधात पेटी तासभर उघडी ठेवतात. त्याचे काहीएक कारण नाही. घराघरांत एकेक बारीक, पांढरे, उभे अंडे दिसले की राणी नांदते आहे असे समजावे व झाकण लावावे.

माशी चावणारच. काटा चिमटीत न धरता नखाने लगेच खरवडून काढावा. डंखाबरोबर पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, तो इतर माश्यांना चेतवितो. म्हणून केळे खाऊन पेटीपाशी जाऊ नये, असे जाणते सांगतात. सूज येणे स्वाभाविक आहे. पण श्वास कोंडू लागला किंवा अंगभर गांधी उठल्या, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

आता मुख्य गोष्ट. गाय दाव्याला बांधता येते. सातेरीला दावे नाही. उपासमार झाली, मेणकिडा शिरला किंवा वरचेवर छेडले गेले की ती सारे कुटुंब घेऊन पेटी सोडते. महाबळेश्वराच्या बाजूस जांभूळ, हिरडा यांचा बहर उन्हाळ्याच्या तोंडी येतो. पुढे पावसाळ्यात माशीला बाहेर पडणे कठीण होते आणि फुलेही थोडी. त्या महिन्यांचा शिधा म्हणजेच मध. आपण तो सगळा काढून साखरेच्या पाकावर तिची बोळवण करतो, हे मला रुचत नाही. पाक अडीअडचणीसाठी असावा. पहिल्या वर्षी मध घेऊच नये; पुढे घ्यावा तो वरच्या कोठीतलाच, तोही घरे मेणाने बंद झाल्यावर. उघड्या घरांतला मध पाणचट असतो व आंबतो.

जातकर्मात अर्भकास मध-तूप चाटविण्याचा विधी आहे. तथापि एक वर्षाच्या आतील बाळास मध मुळीच देऊ नये, असे आजचे वैद्यक सांगते. त्यात क्वचित असणारे जंतुबीज कोवळ्या आतड्यात विष निर्माण करते. येथे आजीबाईंनी डॉक्टरांचे ऐकावे.

पुण्यास खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ साली स्थापन झाली. पेटी विकत घेण्यापूर्वी अशा ठिकाणी जाऊन चार-सहा उघड्या पेट्या डोळ्यांनी पाहाव्यात, आणि घरातील ज्यांना माशीचे भय वाटते त्यांनाही बरोबर न्यावे.